विद्यार्थी म्हणजे नेमका कोण? सोव्हिएत रशियातल्या तीन इमारतींनी दिलेली तीन उत्तरं

इन्स्टाग्रामवर कधी ना कधी हे रील तुमच्याही समोर आलं असेल. बर्फ पडतोय, मागं उदास संगीत सुरू आहे आणि समोर उभी आहे एक अवाढव्य करड्या काँक्रीटची इमारत. खाली कॅप्शन, 'सोव्हिएत ब्रुटॅलिझम'. कमेंटमध्ये दोन गट पडलेले असतात. एक म्हणतो 'काय भारी आहे', दुसरा म्हणतो 'इथं राहिलो तर आठवड्यात डिप्रेशन येईल'.

आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात सोव्हिएत इमारतीचं चित्र हेच आहे. करडी, चौकोनी, एकसारखी आणि माणसाला मुंगी करून टाकणारी.

पण मॉस्कोजवळच्या झेलेनोग्राद नावाच्या गावात एक विद्यापीठ आहे. लाल विटांचं, बुटकं, पसरलेलं. फोटो दाखवून 'हे कुठलं?' असं विचारलं, तर सोव्हिएत युनियनचं नाव शेवटी येईल. ते बांधणाऱ्या आर्किटेक्टनंच पुढे 'सोव्हिएत मॉडर्निझम' हा शब्द रूढ केला.

ही इमारत अशी का झाली, हे समजून घ्यायचं तर आधी दोन इमारती बघाव्या लागतात. कारण या तिन्ही इमारती एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं देतात. विद्यार्थी म्हणजे नेमका कोण?

पहिलं उत्तर : विद्यार्थी म्हणजे यंत्राचा भाग

साल 1929. क्रांतीला बारा वर्षं झालेली. जुनं सगळं मोडून नवा माणूस घडवायचा, ही त्या काळाची हवा. आर्किटेक्टही त्याच हवेत होते. खांब, कमानी, नक्षी हे सगळं राजेरजवाड्यांचं, आता इमारत कारखान्यासारखी सरळ आणि कामाची हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. या पंथाला कन्स्ट्रक्टिव्हिझम म्हणतात. सोव्हिएत आधुनिक वास्तुकलेची ही पहिली लाट.

त्याच वर्षी मॉस्कोच्या टेक्स्टाईल इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधायचं ठरलं. काम मिळालं इव्हान निकोलायेव्ह या आर्किटेक्टला. तेव्हा ते तिशीच्याही आत होते. अट होती, दोन हजार मुलामुलींची सोय कमी जागेत आणि कमी पैशात करायची.

निकोलायेव्ह यांनी काय केलं? झोपायची जागा आणि जगायची जागा वेगळी काढली. झोपण्यासाठी 200 मीटर लांब आणि आठ मजल्यांची एक इमारत. त्यात ओळीनं छोट्या खोल्या. एक खोली साधारण 6 चौरस मीटरची, म्हणजे 65 चौरस फुटांच्या आसपास. त्यात दोघं जण. टेबल नाही, कपाट नाही. खोली फक्त झोपण्यासाठी.

अभ्यास, जेवण, वाचन, गप्पा हे सगळं दुसऱ्या इमारतीत. आणि या दोन्हींच्या मध्ये अंघोळीची आणि कपडे बदलायची सोय.

दिवसाचं वेळापत्रकही आर्किटेक्टच्याच डोक्यात तयार होतं. सकाळी घंटा झाली की उठायचं, व्यायाम करायचा, मधल्या भागात अंघोळ करून कपडे बदलायचे आणि पलीकडे जायचं. मग दिवसभर झोपायच्या इमारतीकडे फिरकायचं नाही. वह्यापुस्तकं, कपडे सगळं पलीकडच्या भागात. रात्री पुन्हा उलटा प्रवास.

म्हणजे कारखान्यात पट्ट्यावरून माल जसा एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर सरकतो, तसा विद्यार्थी इमारतीतून सरकणार.

यात एक गंमत आहे. ज्या काळात मॉस्कोत अनेक कुटुंबं एकाच घरात कोंबून राहत होती, त्या काळात विद्यार्थ्याला स्वच्छ हवा, गरम पाणी, वाचनालय आणि उजेड मिळणं ही लहान गोष्ट नव्हती. निकोलायेव्ह यांचा हेतू वाईट नव्हता. फक्त या सगळ्या हिशोबात एक गोष्ट सुटली होती. कधीकधी माणसाला दार लावून एकटं बसावंसं वाटतं.

दुसरं उत्तर : विद्यार्थी म्हणजे राजवाड्यातला पाहुणा

1930 च्या दशकात वारं फिरलं. स्टालिनच्या राजवटीला कारखान्यासारख्या इमारती नको होत्या, तिला दरारा हवा होता. खांब परत आले, पुतळे परत आले, कळस परत आले.

या काळातला सगळ्यात मोठा नमुना म्हणजे मॉस्को स्टेट युनिव्हर्सिटीची मुख्य इमारत. आर्किटेक्ट लेव्ह रुदनेव्ह. उंची टोकापर्यंत 240 मीटर. 1 सप्टेंबर 1953 ला ती सुरू झाली, तेव्हा युरोपातली सगळ्यात उंच इमारत हीच होती आणि हा मान 1990 पर्यंत तिच्याकडेच राहिला. ती बांधायला कैद्यांनाही राबवलं गेलं. आणि जिच्या हुकमाने हे सगळं उभं राहिलं ती व्यक्ती म्हणजे स्टालिन, उद्घाटनाच्या सहा महिने आधीच मरण पावला होता.

वर्ग, ग्रंथालय, प्राध्यापकांची घरं, विद्यार्थ्यांची वसतिगृहं, सगळं एकाच डोंगराएवढ्या इमारतीत. खेड्यातून आलेल्या मुलाला वाटलं पाहिजे की देशानं आपल्याला राजवाड्यात शिकायला बसवलंय. आणि त्याच वेळी हेही वाटलं पाहिजे की या देशासमोर आपण केवढेसे!

अडचण एकच होती. हा थाट प्रचंड महाग होता. महायुद्धात शहरंच्या शहरं बेचिराख झाली होती, लाखो लोकांना राहायला घर नव्हतं, आणि सरकार कळसांवर पैसे ओतत होतं.

मग ख्रुश्चेव्ह भडकले

डिसेंबर 1954. मॉस्कोत बांधकाम क्षेत्रातल्या लोकांची देशव्यापी परिषद भरली. तिथं निकिता ख्रुश्चेव्ह बोलायला उभे राहिले आणि त्यांनी आर्किटेक्ट मंडळींना सगळ्यांसमोर धारेवर धरलं. नुसत्या दिखाव्यासाठी पैसे उधळता, लोकांना घरं कधी देणार, असा एकूण सूर होता.

पुढच्या वर्षी, 4 नोव्हेंबर 1955 ला, पक्ष आणि सरकारनं मिळून एक फर्मान काढलं. आराखड्यातला आणि बांधकामातला 'अतिरेक' बंद. शोभेचे खांब बंद, कळस बंद, नक्षी बंद. कारखान्यात बनवलेले ठरावीक मापाचे भाग आणायचे आणि जोडायचे. लेनिनग्रादस्काया हॉटेलच्या उधळपट्टीवरून तर तिच्या आर्किटेक्टला आधी दिलेलं स्टालिन पारितोषिक काढून घेण्यात आलं.

यातूनच त्या पाच मजली, लिफ्ट नसलेल्या हजारो इमारती आल्या, ज्यांना लोक आजही 'ख्रुश्चोव्का' म्हणतात. दिसायला कंटाळवाण्या, पण लाखो कुटुंबांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं ते यांच्यामुळेच.

आता आर्किटेक्टच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हातातली नक्षी गेली, खांब गेले, पुतळे गेले. उरलं काय?

उरला आराखडा. म्हणजे माणूस आत कुठून येणार, कुठं वळणार, उजेड कुठून पडणार, दोन माणसं कुठं भेटणार, हे ठरवण्याची ताकद. मॉडर्निझमचं मूळ सूत्र जगभर हेच होतं. इमारत वरून सजवायची नाही, ती आतून नीट जुळवायची. चंदिगड घडवणाऱ्या ल कोर्ब्युझिए यांनी हेच सांगितलं होतं, आणि त्यांची एक मोठी इमारत 1930 च्या दशकातच मॉस्कोत उभी राहिली होती. सोव्हिएत आर्किटेक्टना ही भाषा परकी नव्हती. मधली वीसेक वर्षं ती बोलायला मनाई होती, एवढंच.

चिप बनवणारं गाव

मॉस्कोच्या मध्यापासून वायव्येला सुमारे 37 किलोमीटरवर 1958 मध्ये एक नवं उपनगर वसवायचं ठरलं. 1962 मध्ये निर्णय झाला की इथं इलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र उभं करायचं. म्हणजे सोव्हिएत युनियनची स्वतःची सिलिकॉन व्हॅली. पुढच्याच वर्षी गावाला नाव मिळालं, झेलेनोग्राद. अर्थ सरळ आहे, हिरवं शहर.

या कल्पनेमागची गोष्ट सिनेमाला शोभेल अशी आहे. ही योजना ख्रुश्चेव्ह यांच्या गळी उतरवणाऱ्यांत फिलिप स्टारोस आणि इओसिफ बेर्ग नावाचे दोन इंजिनिअर होते. दोन्ही नावं खोटी. खरी नावं अल्फ्रेड सॅरंट आणि जोएल बार. दोघंही अमेरिकन. ज्या ज्युलियस रोझेनबर्गला अमेरिकेनं 1953 मध्ये हेरगिरीसाठी मृत्युदंड दिला, त्याचे हे साथीदार. पकडले जाण्याआधी निसटले आणि सोव्हिएत युनियनमध्ये नव्या नावानं इंजिनिअर झाले.

तर, चिप बनवायच्या म्हणजे चिप समजणारी माणसं हवीत. म्हणून 1965 मध्ये इथं मॉस्को इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रॉनिक टेक्नॉलॉजीची स्थापना झाली. रशियन आद्याक्षरांवरून सगळे तिला 'मिएट' म्हणतात. तिची इमारत घडवायचं काम फेलिक्स नोव्हिकोव्ह आणि ग्रिगोरी साएविच या आर्किटेक्टकडे आलं.

नोव्हिकोव्ह यांचा जन्म 1927 चा, बाकूमधला. खांब-कमानींच्या काळात शिकून बाहेर पडलेली आणि लगेच नवा नियम अंगावर आलेली ही पिढी. मॉस्कोत मुलांसाठी बांधलेल्या पायोनियर पॅलेसच्या टीममध्ये ते होते. 1962 मध्ये सुरू झालेली ती वास्तू या नव्या शैलीची मोठी खूण मानली जाते.

तिसरं उत्तर : विद्यार्थी म्हणजे माणूस

मिएटचं संकुल 1971 पर्यंत उभं राहिलं. त्यात पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती म्हणजे उंची. उंची नाहीच! देशाचं सगळ्यात आधुनिक तंत्रज्ञान शिकवणारी संस्था, पण मॉस्को युनिव्हर्सिटीसारखा मनोरा नाही. इमारती बुटक्या आहेत आणि जमिनीवर ऐसपैस पसरल्या आहेत. समोर उभं राहिलं तर मान वर करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वीट. सगळा देश काँक्रीटच्या तयार पट्ट्या जोडत असताना इथं लाल वीट वापरली गेली. वीट हाताच्या मापाची असते. एकेक ठेवून भिंत उभी राहते, आणि त्यामुळे मोठी भिंतही अंगावर येत नाही. त्यातही नक्षी एका पैशाची नाही. म्हणजे फर्मान मोडलं नाही, पण फर्मानातून जो रुक्षपणा येणार होता तो येऊ दिला नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. इमारती एकमेकींना आतून जोडलेल्या आहेत. एका वर्गातून दुसऱ्या विभागात जायला बाहेर पडावं लागत नाही. ज्या गावात हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो, तिथं ही सोय केवढी मोठी आहे, विचार करा. दर तासाला कोट घाला, टोपी घाला, बर्फ तुडवत जा, पुन्हा कोट काढा, ही कटकटच नाही.

पण फायदा फक्त थंडीपुरता नाही. सगळे एकाच वाटेनं येणार-जाणार म्हटल्यावर गाठी पडतात. पहिल्या वर्षाचा मुलगा, शेवटच्या वर्षाची मुलगी, प्राध्यापक, सगळे एकमेकांसमोरून जातात. आपल्याकडच्या वाड्यात चौक जे काम करायचा तेच. चौकातून गेल्याशिवाय कुणाला कुठंच जाता यायचं नाही, म्हणून तर सगळ्या वाड्याच्या गप्पा तिथं रंगायच्या.

आता निकोलायेव्ह यांचं वसतिगृह आठवा. तिथंही विद्यार्थी इमारतीतून कसा फिरणार हे आर्किटेक्टनंच ठरवलं होतं. इथंही तेच झालंय. फरक असा, की तिथली वाट विद्यार्थ्याला पुढं ढकलत होती. इथली वाट त्याला थांबायला जागा देते.

1975 मध्ये या कामाला सोव्हिएत युनियनचं राज्य पारितोषिक मिळालं. ज्या क्षेत्रात वीस वर्षांपूर्वी 'अतिरेक' केला म्हणून पारितोषिक काढून घेतलं होतं, त्याच क्षेत्रात.

आणि आत भिंतीवर कोण आहे?

संकुलाच्या आत, ग्रंथालयाच्या हॉलमध्ये एक प्रचंड भित्तिशिल्प आहे. क्षेत्रफळ 970 चौरस मीटर. म्हणजे दहा हजार चौरस फुटांहून जास्त. पाचशे चौरस फुटांचे वीस फ्लॅट त्यात बसतील. विषय, विचार करणारा माणूस कसा घडत गेला.

शिल्पकाराचं नाव एर्न्स्ट नेइझ्वेस्तनी. रशियन भाषेत या आडनावाचा अर्थ होतो 'अज्ञात'. दुसऱ्या महायुद्धात ते इतके जखमी झाले होते की त्यांना मृत समजून मरणोत्तर पदकही जाहीर झालं होतं.

पण त्यांची खरी ओळख झाली ती एका भांडणातून. 1 डिसेंबर 1962 ला मॉस्कोच्या मानेझ हॉलमध्ये ख्रुश्चेव्ह कलाप्रदर्शन बघायला गेले. नव्या धाटणीची चित्रं-शिल्पं बघून त्यांचा पारा चढला आणि त्यांनी कलाकारांना अक्षरशः शिव्या घातल्या. नेइझ्वेस्तनी यांनी देशाच्या सर्वोच्च नेत्याशी तोंडावर वाद घातला.

हा असा माणूस दहाएक वर्षांनी सरकारी विद्यापीठाच्या भिंतीवर एवढं मोठं काम करतो. ख्रुश्चेव्ह तोवर सत्तेतून गेले होते, 1971 मध्ये त्यांचं निधन झालं. आणि त्यांच्या कुटुंबानं समाधीचं शिल्प करायला कुणाला बोलावलं? नेइझ्वेस्तनी यांनाच. काळ्या आणि पांढऱ्या दगडांच्या एकमेकांत अडकलेल्या ठोकळ्यांचं ते स्मारक आजही मॉस्कोच्या नोव्होदेविची दफनभूमीत आहे.

याचा अर्थ सोव्हिएत युनियन फार मोकळं झालं होतं असा नाही. नेइझ्वेस्तनी यांना पुढे 1976 मध्ये देश सोडावा लागला. झेलेनोग्रादमध्येही परदेशी माणसाला सहज जाता येत नव्हतं. पण त्या बंदिस्त गावातल्या, लष्करालाही लागणाऱ्या चिप शिकवणाऱ्या कॉलेजात, मुलं रोज पुस्तक घ्यायला जाताना जे बघत होती ते नेत्याचा पुतळा नव्हता. ते एका बंडखोर शिल्पकारानं घडवलेलं माणसाच्या मनाचं चित्र होतं.

मग आज हा विषय का?

कारण या इमारती आता पन्नाशीच्या पुढं गेल्यात. आणि इमारतीसाठी हे वय सगळ्यात धोक्याचं असतं. जुनी म्हणून कौतुक व्हावं एवढी ती जुनी नसते, आणि नवी म्हणून सोयीची असावी एवढी नवी नसते.

रशियाच्या कायद्यानुसार वास्तूला वारसा म्हणून नोंदवायचं तर तिला किमान 40 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी काही बिघडलं तर कायदा फारसा मदतीला येत नाही. कधीकधी नंतरही येत नाही. मॉस्कोतली इनियॉन संस्थेची ग्रंथालय इमारत याकोव्ह बेलोपोल्स्की यांनी 1970 च्या दशकात बांधली होती. छतातल्या गोल झरोक्यांतून वाचणाऱ्यांवर उजेड पडायचा. जानेवारी 2015 मध्ये तिला आग लागली. लाखो पुस्तकं खराब झाली आणि इमारत पाडून पुन्हा बांधावी लागली.

याउलट निकोलायेव्ह यांचं वसतिगृह वाचलं. अनेक वर्षं ओसाड पडलं होतं, मग दुरुस्ती झाली. आज तिथं पुन्हा विद्यार्थी राहतात. फक्त त्या 65 चौरस फुटांच्या खोल्यांचा हट्ट सोडून दिला गेलाय, आणि ते योग्यच झालं. बेलारूसची राजधानी मिन्स्कमध्ये 1983 ची वास्तुकला विभागाची इमारत आहे. लेक्चर हॉलच्या उतरत्या बैठका तिच्यात भिंतीबाहेर आलेल्या दिसतात आणि लांबून ती जहाजासारखी वाटते. तिथं आजही वर्ग भरतात.

जगाचं लक्ष या शैलीकडे उशिरा गेलं. फेलिक्स नोव्हिकोव्ह यांनी 1955 ते 1985 या काळातल्या वास्तुकलेला 'सोव्हिएत मॉडर्निझम' हे नाव देऊन व्लादिमिर बेलोगोलोव्स्की यांच्यासोबत 2010 मध्ये पुस्तक काढलं. व्हिएन्नात 2012 मध्ये मोठं प्रदर्शन भरलं. मग फोटो आले, हॅशटॅग आले, रील आले. नोव्हिकोव्ह यांचं 2022 मध्ये अमेरिकेत निधन झालं. ज्या शैलीला लोक 'डबे' म्हणून हिणवत होते तिला नाव मिळालेलं बघूनच ते गेले.

आपला याच्याशी संबंध?

एक तर थेट आहे. पवईची आयआयटी 1958 मध्ये सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. यंत्रसामग्री तिकडून आली, तज्ज्ञ तिकडून आले. ज्या देशानं पुढं सात वर्षांनी मिएट काढलं, त्याच देशानं मुंबईच्या तलावाकाठी इंजिनिअर घडवायला हातभार लावला.

दुसरा संबंध जास्त टोचणारा आहे. दिल्लीतलं 1972 चं हॉल ऑफ नेशन्स 2017 मध्ये पाडलं गेलं. जगभरातून विरोध होत असताना निकष पुढं करण्यात आला की वारसा ठरायला वास्तू 60 वर्षांची हवी. अहमदाबादच्या आयआयएममध्ये लुई कान यांनी बांधलेली लाल विटांची वसतिगृहं पाडण्याच्या निर्णयावरूनही असाच वाद पेटला. ती वसतिगृहं आणि मिएट जवळपास एकाच काळातली. दोन्हींत वीट, दोन्हींत सजावटीला फाटा, दोन्हींत विद्यार्थी एकमेकांना भेटावेत ही धडपड.

कुठलीही इमारत गळू शकते, तिची दुरुस्ती महाग पडू शकते, आणि प्रत्येक जुनी भिंत वाचवलीच पाहिजे असंही नाही. पण पाडण्याआधी निदान एवढं विचारायला हवं, की ही भिंत काय सांगत होती?

निकोलायेव्ह यांचं वसतिगृह सांगत होतं, विद्यार्थी यंत्राचा भाग आहे. मॉस्को युनिव्हर्सिटीचा मनोरा सांगत होता, विद्यार्थी राजवाड्यातला पाहुणा आहे. आणि झेलेनोग्रादची लाल विटांची इमारत सांगते, विद्यार्थी माणूस आहे. त्याला थंडी वाजते, त्याला मित्र भेटायला हवेत आणि पुस्तक आणायला जाताना त्याला बघायला काहीतरी सुंदर हवं.

आता एक काम करा. उद्या कॉलेजमध्ये गेलात, किंवा जुन्या कॉलेजवरून जाणं झालं, तर दोन मिनिटं थांबून त्या इमारतीकडे बघा. बसायला कट्टा आहे का? उजेड येतो का? दोन वर्गांच्या मधल्या वाटेत कुणी भेटतं का? तुमच्या कॉलेजची इमारत तुम्हाला कोण समजते, ते आम्हाला कमेंटमध्ये नक्की सांगा.